नेब्रास्काचा ऑगस्ट: सराव शिबिराआधीच्या आशेमागचा इतिहास

नेब्रास्का विद्यापीठाचा फुटबॉल संघ यंदा किती सामने जिंकेल, असा साधा प्रश्न विचारा, लिंकन शहरातली जुनी माणसं हटकून १९९५ वर जातात. त्या हंगामात संघ १२-० राहिला, म्हणजे बारा विजय आणि एकही पराभव नाही, आणि विजेतेपदाच्या लढतीत त्याने फ्लोरिडाचा ६२-२४ असा धुव्वा उडवला. १९९३ ते १९९७ या पाच हंगामांत नेब्रास्काने ६० सामने जिंकले, हरले फक्त ३. आणि गेले दोन हंगाम? ७-६ आणि पुन्हा ७-६. ही घसरण कशी झाली हे ठाऊक असेल तरच ऑगस्टमधल्या शिबिराच्या बातम्यांना काही अर्थ येतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: खेळाडू आणि कोच बदलत गेले हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्या घडीवर हा संघ उभा होता ती घडीच विस्कटली. थोडी बाहेरच्या नियमांनी, थोडी घरच्यांनीच.

हा फुटबॉल म्हणजे अर्थातच हेल्मेट आणि खांद्यावर पॅड चढवून खेळायचा अमेरिकन फुटबॉल. नेब्रास्का हे जेमतेम वीस लाख वस्तीचं शेतीप्रधान राज्य. इथे व्यावसायिक फुटबॉलचा एकही संघ नाही आणि वरच्या श्रेणीत खेळणारं दुसरं विद्यापीठही नाही, त्यामुळे अख्ख्या राज्याचा जीव या एकाच संघात अडकलेला. १९२३ मध्ये बांधलेल्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटं ३ नोव्हेंबर १९६२ पासून प्रत्येक सामन्याला संपलेली आहेत, सलग ४०० हून अधिक सामने. सामन्याच्या दिवशी ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातली सगळ्यात जास्त माणसं या स्टेडियममध्ये असतात, असं तिथे अभिमानाने सांगतात, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

शिबिराबद्दल थोडं. कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू होतो, त्याआधी चारेक आठवडे हे शिबिर चालतं. पूर्वी ते म्हणजे निव्वळ सोसण्याची परीक्षा असे. १९५४ मध्ये कोच बेअर ब्रायंट यांनी टेक्सस ए अँड एमच्या पोरांना जंक्शन नावाच्या गावी नेऊन दुष्काळी उन्हात दहा दिवस पाण्याशिवाय रगडलं. निम्म्याहून जास्त पोरं पळून गेली. त्याच्या दंतकथा झाल्या; त्या हंगामात संघ १-९ असा आपटला, हे मात्र सांगणारे सोयीने विसरतात. आता नियम कडक आहेत. २०१७ पासून एकाच दिवशी अंगाला अंग भिडवून दोन सराव घेता येत नाहीत. सुरुवातीचे दिवस अंगाला उन्हाची सवय होण्यासाठी राखून ठेवावे लागतात: आधी नुसतं हेल्मेट, मग खांद्याचे पॅड, पूर्ण साज त्यानंतर. एकूण सराव पंचवीस. म्हणजे कोचच्या हातात वेळ मोजकाच. नेब्रास्काची गोष्ट इथेच सुरू होते, कारण एकेकाळी या संघाचा सगळा डाव वेळ आणि माणसं या दोन गोष्टींवरच होता.

बॉब डेव्हेनी १९६२ मध्ये वायोमिंगहून मुख्य कोच म्हणून लिंकनला आले, तेव्हा नेब्रास्काने त्याआधीचे सलग सहा हंगाम जिंकण्यापेक्षा हरण्यातच जास्त घालवले होते. डेव्हेनींनी आल्या आल्या गाडी रुळावर आणली. १९६४ मध्ये खेळाडू बदलण्याचे नियम सैल झाले आणि आक्रमणाची फळी वेगळी, बचावाची वेगळी, अशी पद्धत रूढ झाली. सरावात कोण कुठला हे ओळखू यावं म्हणून एका सहायक कोचला वेगळ्या रंगाचे जर्सी आणायला दुकानात पाठवलं. काळ्या रंगाला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ते स्वस्तात मिळाले. तेच पुढे बचावफळीतल्या पहिल्या अकरांचं मानचिन्ह झालं. आजही कुणाला काळा जर्सी मिळाला, कुणाला नाही, ही तिथे पहिल्या पानाची बातमी असते.

१९६७ आणि १९६८ असे दोन हंगाम ६-४ गेले तेव्हा लोक कुरकुरायला लागले, ओमाहात तर सहायक कोचना काढा म्हणून सह्यांची मोहीम निघाली. डेव्हेनींनी कुणाला काढलं नाही. आक्रमणाची आखणी टॉम ऑस्बर्न या तरुण सहायकावर सोपवली. शिवाय आणखी एक गोष्ट घडली, जिचं महत्त्व त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नसावं. बॉइड एप्ली नावाचा बांबूउडी मारणारा विद्यार्थी पाठीच्या दुखापतीमुळे वजनं उचलत बसायचा. जायबंदी फुटबॉलपटू त्याच्या शेजारी येऊन तेच करू लागले आणि मैदानात परतताना आधीपेक्षा दणकट होऊन परतले. हे ऑस्बर्ननी हेरलं. तोवर वजनं उचलली की खेळाडू जड आणि मंद होतो अशी बहुतेक कोचची ठाम समजूत. एकजण जरी मंद झाला तरी तुझी नोकरी गेली, असा दम डेव्हेनींनी एप्लीला भरला आणि १९६९ मध्ये त्याला कामावर घेतलं. कॉलेज फुटबॉलमधला पहिला पगारी बलवर्धन प्रशिक्षक म्हणून आज त्याचंच नाव घेतात. पुढचे दोन हंगाम, १९७० आणि १९७१, दोन्ही राष्ट्रीय विजेतेपदं नेब्रास्काची. १९७१ च्या थँक्सगिव्हिंगला ओक्लाहोमाच्या मैदानावर ३५-३१ ने जिंकलेला सामना अजूनही शतकातला सर्वोत्तम सामना म्हणून सांगतात.

१९७३ मध्ये ऑस्बर्न मुख्य कोच झाले. त्याच वर्षी शिष्यवृत्त्यांवर मर्यादा आली: एका संघाला १०५. १९७८ मध्ये ती ९५ झाली, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ८५. उद्देश असा की श्रीमंत विद्यापीठांनी चांगली पोरं गोळा करून नुसती बाकावर बसवू नयेत. ऑस्बर्ननी यातून काढलेली पळवाट अस्सल नेब्रास्की होती. शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःच्या खर्चाने येऊन संघात राहणाऱ्या पोरांना तिथे वॉक-ऑन म्हणतात. इतर ठिकाणी ते सरावात मार खायला असत. ऑस्बर्ननी त्यांना संघाचा कणा केलं. सातारा-सांगलीकडची पोरं जशी कोल्हापूरच्या तालमीत राहायला येतात, तशी नेब्रास्कातल्या बारक्या गावांतली शेतकऱ्यांची पोरं लिंकनला येऊ लागली.

त्यांना घडवायची रीतही वेगळी होती. बहुतेक संघांच्या सरावात पहिली फळी खेळते, दुसरी अधूनमधून आत येते, बाकीचे कडेला उभे. ऑस्बर्नच्या सरावात एकाच वेळी तीन-चार ठिकाणी खेळ चालू असे. चौथ्या फळीतल्या पोरालाही पहिल्या फळीइतक्याच वेळा तीच चाल प्रत्यक्ष खेळायला मिळे. त्याला माणसं लागतात, आणि नेब्रास्काकडे दीडशेच्या पुढे होती. पहिलं वर्ष सामना न खेळता नुसतं अंग कमवायचं, मग दोन-तीन वर्षं एप्लीच्या वजनखान्यात आणि सरावात काढायची, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी मैदानात उतरायचं. म्हणून त्या काळी ऑगस्टच्या शिबिरात फारशी अनिश्चितता नसायची. कोण गेलं आणि त्याच्या मागे कोण तयार उभा आहे हे सगळ्यांना माहीत असे. ऑस्बर्न पंचवीस हंगाम मुख्य कोच होते, २५५ सामने जिंकले आणि एकाही हंगामात ९ पेक्षा कमी विजय नाहीत. विजेतेपदं तीन: १९९४, १९९५, १९९७.

पण तडे ऑस्बर्नच्या काळातच पडले होते. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टीव्ही प्रक्षेपणाचा ताबा मध्यवर्ती संघटनेकडून काढून घेतला आणि हळूहळू प्रत्येक मोठा संघ दर आठवड्याला घराघरांत दिसू लागला. नेब्रास्काला टीव्हीवर दिसण्याचं जे अप्रूप होतं ते संपलं. १९९६ मध्ये नवी बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या बारा विद्यापीठांची संघटना, उभी राहिली. अभ्यासाच्या निकषांत थोडक्यात हुकलेल्या खेळाडूंना घेण्यावर तिने बंधनं घातली. त्यावरच्या मतदानात नेब्रास्का ११ विरुद्ध १ अशी एकटी पडली. ओक्लाहोमाशी दरवर्षी होणारी लढतही गेली, कारण दोघं वेगवेगळ्या गटांत पडले.

घरच्यांनी केलेलं नुकसान मला जास्त लागतं. ऑस्बर्ननंतर त्यांचेच सहायक फ्रँक सोलिच आले. २००१ मध्ये त्यांनी संघ विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत नेला. पण २००३ मध्ये ९-३ असताना क्रीडा संचालक स्टीव्ह पीडरसन यांनी त्यांना काढलं. कारण काय, तर आम्हाला सामान्य संघ व्हायचं नाही! त्यानंतर आलेल्या बिल कॅलाहन यांनी आक्रमणाची जुनी पद्धत मोडून व्यावसायिक थाटाचा खेळ आणला आणि २००७ मध्ये कॅन्ससकडून ७६-३९ अशी फजिती झाली. पुढचे कोच बो पेलिनी यांनी सात हंगाम दरवर्षी निदान ९ सामने जिंकले. तेही पुरेसं वाटलं नाही. दरम्यान २०११ मध्ये नेब्रास्का बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेली. पैसा वाढला, पण टेक्ससमधून पोरं आणण्याचा जुना ओघ आटला.

मग घरचाच माणूस आणला: १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू, स्कॉट फ्रॉस्ट. सेंट्रल फ्लोरिडाला १३-० करून तो २०१८ मध्ये परत आला. नेब्रास्कात त्याचा हिशेब १६-३१ असा झाला. २०२१ चा हंगाम तर अजब होता. ३-९, आणि नऊच्या नऊ पराभव दहापेक्षा कमी गुणांनी. सप्टेंबर २०२२ मध्ये घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ ने हरल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याला निरोप मिळाला. तीनेक आठवडे थांबले असते तर नुकसानभरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर आली असती. थांबले नाहीत.

सध्याचे कोच मॅट रूल यांची ख्याती पडके वाडे उभे करणारा अशी. बेलर विद्यापीठाला त्यांनी १-११ वरून तिसऱ्या वर्षी ११-३ वर नेलं, त्याआधी टेंपल विद्यापीठातही तिसरं वर्षच दहा विजयांचं. नेब्रास्कात पहिलं वर्ष ५-७. दुसऱ्या वर्षी ७-६ आणि २०१६ नंतर प्रथमच हंगामाअखेरचा बाउल सामना, त्यात बॉस्टन कॉलेजवर २०-१५ विजय. त्यामुळे २०२५ च्या शिबिरात ‘तिसरं वर्ष’ हा जप चालला होता. आठ सामन्यांनंतर ६-२ होतेही. १ नोव्हेंबरला यूएससीविरुद्ध (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) क्वार्टरबॅक डिलन रायोलाचा पाय मोडला, तो सामना २१-१७ ने गेला आणि पुढे पहिल्या वर्षाच्या पोराच्या हाती संघ सोपवावा लागला. त्यानंतरच्या चार सामन्यांत एक विजय. आयोवाने ४०-१६ ने, तर लास व्हेगास बाउलमध्ये युटाने ४४-२२ ने लोळवलं. नंतर रायोला ओरेगॉनला निघून गेला. त्याचा बाप नेब्रास्काचाच नावाजलेला खेळाडू, पण आता तेवढ्याने कुणी थांबत नाही.

खेळाडूंनी विद्यापीठ बदलण्याची पोर्टल नावाची व्यवस्था कळली की उरलेला उलगडा होतो. २०२१ पासून खेळाडू वर्ष वाया न घालवता विद्यापीठ बदलू शकतो, आणि त्याच वर्षी स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याचीही मुभा मिळाली. पोर्टलमुळे पाच वर्षं पोराला मुरवण्याची पद्धत मोडीत निघाली, कारण तिसऱ्या वर्षी तो मुरला की दुसरा कुणी उचलून नेतो. २०२५ मध्ये रूल यांनी वसंत ऋतूतला जाहीर सराव सामना रद्द केला, त्याचं कारणही हेच: आमची पोरं टीव्हीवर दाखवून इतरांना खरेदीची यादी कशाला द्यायची? जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. पण त्यासोबत संघाची संख्या १०५ वर आली. १९७३ मध्ये १०५ शिष्यवृत्त्या असत आणि त्यावर हवे तेवढे वॉक-ऑन. आता वॉक-ऑन धरून सगळे मिळून १०५. तीन-चार ठिकाणी एकाच वेळी सराव चालवण्याची रीत या संख्येत नीट बसत नाही.

म्हणून यंदाच्या शिबिरातला गाजावाजा पोर्टलमधून आणलेल्या क्वार्टरबॅकभोवती असणार, त्याला इलाज नाही. मी मात्र आक्रमणाच्या पुढच्या फळीतल्या दुसऱ्या रांगेकडे बघेन. त्यातले किती जण याच संघात दोन वर्षं तरी मुरलेले आहेत आणि पंचवीस सरावांत त्यांच्या वाट्याला किती चाली येतात, यावर नोव्हेंबर ठरतो. देशातल्या पहिल्या पंचवीस संघांच्या क्रमवारीत असलेल्या संघाला नेब्रास्काने शेवटचं हरवलं ते सप्टेंबर २०१६ मध्ये, ओरेगॉनला, ३५-३२ ने. सात विजयांचे नऊ करायचे तर निदान एक तरी असा सामना काढावा लागेल, आणि बिग टेनमध्ये तसे सामने बहुतेक ऑक्टोबर-नोव्हेंबरातच येतात, पहिल्या फळीतले दोन-तीन जण जायबंदी झाल्यावर.