परिच्छेद आला कुठून, आणि दहावीच्या पत्रावरून झालेला वाद

दहावीच्या मराठीत पत्राचा साचा २०१८ च्या नव्या पुस्तकापासून बदलला, तरी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शिक्षकांत तो विषय अजून निघतोच. बरं होतं ते मोडलं म्हणणारे एकीकडे, काळाप्रमाणे चाला म्हणणारे दुसरीकडे. या वादातली खरी कळ परिच्छेदाची आहे असं मला वाटतं, म्हणून थोडं मागचंही लिहितोय.

मराठी पूर्वी ज्या मोडी लिपीत लिहायचे, तिच्यात आजच्यासारखा परिच्छेद नव्हता. आधी आडवी रेघ ओढायची, तिच्याखाली अक्षरं मांडत जायचं, शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, बोरू म्हणजे लिहायची काडी होईल तितकी कमी उचलायची. पण म्हणून लोकांना मुद्दे वेगळे करता येत नव्हते असं समजू नका, करारात आणि यादीत कलमं घालायचे, पत्रात 'कळावे' आलं की मजकूर संपला हे कोणालाही समजायचं. कोकणात खोतीच्या, म्हणजे जुन्या जमीन-सारा पद्धतीच्या, कागदांमुळे मोडी वाचणाऱ्याची गरज तशी कायम लागायची, आणि २०२३ च्या शेवटी मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा तर अशी माणसं मिळेनात.

छापखान्याने हे चित्र बदललं. ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' निघालं, त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, हे इकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्यात एका बाजूला मराठी आणि शेजारच्या रकान्यात इंग्रजी असायचं. दोन भाषा अशा शेजारी मांडल्या की एक जिथे थांबते तिथे दुसरीलाही थांबावंसं वाटणारच, आणि माझ्या मते मराठी गद्याला मजकूर तोडून मांडायची सवय अशाच छपाईतून लागली. स्वल्पविराम, पूर्णविराम वगैरे चिन्हं त्याच शतकात इंग्रजीवरून आली आणि रुळली.

पण घरोघरी लिहिणं पोचलं ते छापखान्याने नाही, टपालाने. पोस्टकार्ड १८७९ चं, मनीऑर्डर १८८० ची. मुंबईच्या गिरणगावात गावकीच्या, म्हणजे गावातल्या लोकांनी मिळून घेतलेल्या, खोलीत राहणारा चाकरमानी घरी पैसे पाठवायचा तेव्हा मनीऑर्डरच्या कूपनावर मजकुराला चार-पाच ओळींचीच जागा असायची. त्यात पैसे कशाचे किती, कोणाचं देणं आधी भागवायचं, गणपतीला येणार की नाही, सगळं बसवायचं. पोस्टकार्डावर तर मजकूर संपायच्या आधीच जागा संपली की कार्ड आडवं धरून समासात लिहायचे, 'ता. क.' पत्त्याच्या कडेला. नवीन परिच्छेद म्हणजे अर्धी ओळ कोरी सोडणं, ती चैन कोणाला परवडत नव्हती. गावाकडून उत्तर लिहायला मास्तर नाहीतर पोस्टमन, आणि सांगणारी आई ओट्यावर बसून बोलत राहायची, हे लिही, ते नको, आधी म्हशीचं लिही मग औषधाचं. मजकूर जुळवणं म्हणजे काय ते त्या ओट्यावर चालायचं, आधी काय नंतर काय हे ती ठरवायची आणि कागदावर फक्त शेवटचं उतरायचं. या बायकांना निरक्षर म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

शाळेने मात्र परिच्छेद शिकवला तो दिसण्यापुरता. पहिली ओळ थोडी आत, प्रस्तावना, मधे तीन मुद्दे, समारोप, आणि बाजारातल्या निबंधाच्या पुस्तकातून पाठ केलेलं जसंच्या तसं उतरवायचं.

आता २०१८. पूर्वी पत्ता आणि तारीख उजव्या कोपऱ्यात, मग मायना, मग आत सरकवून सुरू होणारे परिच्छेद. नव्या साच्यात ई-मेलसारखं सगळं डावीकडे, वर तारीख, मग प्रति, विषय, आणि खाली पत्त्यासोबत ई-मेल आयडी. जिथे मोबाईलला रेंज यायला घाटी चढून जावं लागायचं तिथल्या पोरांनी आयडी कुठून आणायचा, हा प्रश्न विचारला गेला आणि तो रास्तच होता, शेवटी पोरं मनानेच आयडी बनवून लिहायला लागली. दुसरा आक्षेप मायन्याबद्दलचा, 'तीर्थरूप', 'साष्टांग नमस्कार' गेलं की आपलेपणा गेला असं जुन्या शिक्षकांना वाटलं. तिसरं म्हणजे ओळ आत घ्यायची नाही तर परिच्छेद दाखवायचा कसा, मधे एक ओळ कोरी सोडायची का, न सोडल्यास गुण कापायचे का, यावर तपासणाऱ्यांतही एकमत नव्हतं. त्यातच मार्च २०१९ चा राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला, आदल्या वर्षी तो ८९.४१ होता, आणि कृतिपत्रिकेवर, म्हणजे नव्या पद्धतीच्या प्रश्नपत्रिकेवर, खापर फुटलं. भाषांचे तोंडी परीक्षेचे अंतर्गत गुण त्याच वर्षी बंद केले होते, ते पुढच्या वर्षी परत आले, निकाल घसरण्याचं तेही एक कारण म्हणून तेव्हा पुढे आलं होतं. कोकण विभाग त्याही वर्षी पहिलाच होता.

माझं म्हणाल तर साचा बदलला ते योग्यच झालं, आज अर्ज मेलनेच जातो. खटकतं ते एवढंच की इतकी चर्चा झाली ती सगळी मजकूर डावीकडे की उजवीकडे यावर. आत काय, यावर कोणी बोललं नाही. समजा एखादा मुलगा जेटीवर लिहितो: "आमच्या गावात जेटी आहे. तिथे होड्या येतात. माझे काका खलाशी आहेत. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. जेटीवर खूप गर्दी असते." पाच वाक्यं, पाच वाटा, आणि शेवटची तर चौथीच्या उलट. यातलं एकच वाक्य धरायचं, बंदीचं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या, काका पडवीत जाळी विणत बसलेला, बर्फाचा ट्रक येत नाही, जेटीवर फक्त गळ टाकून बसलेली पोरं. झाला परिच्छेद, आणि गर्दीचं वाक्य काढून टाकावं लागलं. हे काढून टाकणं शिकवायला वेळ लागतो, एकच मजकूर दोनदा-तीनदा लिहून घ्यावा लागतो, आणि छोट्या शाळेत एक शिक्षक तीन-चार विषय घेतो तेव्हा तो वेळ येणार कुठून.

आता ८० गुणांच्या पेपरात २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. पत्र किंवा सारांश, मग जाहिरात, बातमी, कथा यातलं काही आणि शेवटी निबंधवजा लेखन, सगळं तीन तासांत बाकीच्या प्रश्नांसोबत. गणितात कच्चं काम करायला पानाच्या कडेला जागा आखून घेतात, शिक्षकच तसं सांगतात. मराठीच्या पेपरात मुद्दे आधी कच्चे लिहून घे असं सांगणारे शिक्षक आहेत, पण मुलं घाबरतात, खाडाखोड दिसली तर गुण जातील म्हणून, आणि पहिलं सुचलेलं वाक्यच पक्कं म्हणून उतरवतात.