पत्ताच सांगायचा नाही

खानापुरातल्या आमच्या घरी आप्पांची सकाळ ठरलेली असते. चहा झाला की मोबाईलवर बेळगावच्या मराठी बातम्या उघडायच्या. गेल्या पावसाळ्यापर्यंत ते वाचन कष्टाचंच होतं. बातमीच्या दोन ओळी दिसतात न दिसतात तोच खालून जाहिरात वर सरकायची. ती घालवायची फुली इतकी बारीक की आप्पांचं बोट हमखास जाहिरातीवर पडायचं. एकदा असंच 'डाऊनलोड' लिहिलेल्या खोट्या बटणावर बोट पडलं आणि फोनमध्ये नको ते ॲप येऊन बसलं. त्या दिवशी ठरवलं, प्रत्येकाच्या फोनमध्ये वेगळं काही भरत बसायचं नाही. बंदोबस्त घराच्या तोंडाशीच करायचा.

घराच्या तोंडाशी म्हटलं की डोळ्यांपुढे गाळणी येते. राकसकोप जलाशयाचं पाणी जसं शुद्ध होऊन बेळगावकरांच्या नळाला येतं, तसं इंटरनेटही एखाद्या यंत्रातून गाळून येत असेल, असं वाटतं. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण अख्ख्या घराच्या जाहिराती थांबवणारी पाय-होल किंवा ॲडगार्ड होम ही मोफत सॉफ्टवेअरं काही गाळत नाहीत. घरातला व्हिडिओ, फोटो, बातमी यांतलं काहीच त्यांच्यातून वाहत नाही. त्यांचं काम एकच, पत्ता सांगणं किंवा न सांगणं.

बेळगावात नवख्या माणसानं चव्हाट गल्लीत कुणाचं घर शोधायचं तर तो कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारतो. इंटरनेटवरही अगदी तसंच चालतं. यंत्रं एकमेकांना आकड्यांच्या पत्त्यानं ओळखतात, माणसं नावानं. नाव दिलं की आकडा सांगणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. आप्पा बातमी उघडतात तेव्हा फोन आधी वृत्तपत्राचा पत्ता विचारतो. ते पान आलं की त्यात आणखी नावं लिहिलेली असतात: चित्रं कुठून आणायची, जाहिरात कुठून आणायची, वाचकाची माहिती कुठं पाठवायची. त्या प्रत्येक नावासाठी फोन पुन्हा दुकानदाराकडे जातो. हा दुकानदार आपल्याच घरातला असेल आणि त्याच्याकडे जाहिरातवाल्यांच्या नावांची यादी असेल, तर त्या नावांना तो सांगतो, "असं इथं कुणी राहत नाही." तांत्रिक भाषेत तो ०.०.०.० असा पत्ता देतो, जिथं जाताच येत नाही. जाहिरात अडवली जात नाही. ती आणायला कुणी जातच नाही. त्यामुळे तिचा डेटाही खर्च होत नाही.

या युक्तीचं मूळ जुनं आहे. डीएनएस येण्याआधी सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाईलमध्ये असायचे. ती अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळायचा आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तशी ती फाईल पुरेना, म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. पण 'होस्ट्स' नावाची ती फाईल कॉम्प्युटरमध्ये अजूनही असते आणि तिच्यात काही लिहिलं असेल तर कॉम्प्युटर सहसा आधी तेच मानतो. पुढे लोकांनी त्याच फाईलमध्ये जाहिरात कंपन्यांची नावं लिहून त्यांच्यापुढे स्वतःच्याच यंत्राचा पत्ता टाकायला सुरुवात केली. आज पाय-होल लाखभर नावांच्या ज्या याद्या उतरवून घेतं, त्यांतल्या कित्येक याद्या अजून त्याच जुन्या फाईलच्या धाटणीत लिहिलेल्या असतात. चाळीस वर्षांपूर्वी अपुरी ठरलेली पद्धत घरापुरती पुन्हा कामाला आली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हे सॉफ्टवेअर चालवायला यंत्र कुठलं घ्यायचं? लोक बहुधा रास्पबेरी पाय घेतात. पाय-होलच्या नावातला 'पाय' तोच. हाताच्या पंजात मावणारा हा कॉम्प्युटर साधारण तीन वॅट वीज खातो, म्हणजे महिनाभर चालू ठेवला तरी दोन-सव्वादोन युनिट. मी मात्र पुतण्याचा अडगळीत पडलेला लॅपटॉप काढला. तो दहा-पंधरा वॅट खातो, महिन्याला सात ते अकरा युनिट होतात. तरीही आमच्याकडे तोच बरा. खानापूरच्या पावसात लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि अचानक वीज गेली की पायचं मेमरी कार्ड बिघडण्याची भीती असते. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे. राऊटरसाठी बारा व्होल्टची छोटी यूपीएस वेगळी घेतली, कारण राऊटरच बंद पडला तर दुकानदार जागा असून काय उपयोग?

जोडणी तासाभरात होते. लॅपटॉपवर पाय-होल बसवायचं आणि त्याला घरातला एक कायमचा पत्ता द्यायचा, आमचा १९२.१६८.१.१०. मग राऊटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी तोच लिहायचा. घरातला कुठलाही फोन वायफायला जोडला की राऊटर त्याला सांगतो, पत्ते याला विचार. इथं एक चूक बरेच जण करतात आणि मीही केली. राऊटरमध्ये दुसऱ्या डीएनएसचा रकाना असतो. पहिला बंद पडला तर असू दे म्हणून मी तिथं बाहेरचा एक डीएनएस लिहिला. दोन दिवस अर्ध्या जाहिराती येतच राहिल्या. दुसरा रकाना अडीअडचणीपुरताच वापरायचा असा नियम कुठल्याही फोनवर बंधनकारक नाही. तो दोघांनाही विचारू शकतो. गावात दोन दुकानदार असले आणि एकच गप्प बसला तर पत्ता मिळणारच. तो रकाना रिकामा केल्यावर आप्पांची बातमी पहिल्यांदा सलग दिसली.

त्यानंतर मी पाय-होलची नोंदवही उघडून बसलो. घरातल्या कुठल्या यंत्रानं कधी कुठलं नाव विचारलं, ते सगळं तिथं दिसतं. रात्री दोन वाजता, सगळे झोपलेले असताना, हॉलमधला टीव्ही थोड्या थोड्या वेळानं कुठल्या तरी माहिती गोळा करणाऱ्या नावाचा पत्ता विचारत होता. मला खरा धक्का जाहिरातींपेक्षा या नोंदींनी दिला. पत्ता मिळाला नाही की माहितीही जात नाही, हा या यंत्राचा मोठा उपयोग. पण त्या नोंदवहीत घरातल्या माणसांचंही सगळं दिसतं. कोण काय वाचतं हे मला कळायला नको, म्हणून नावांची नोंद मी बंद केली. घरात हे बसवणाऱ्या प्रत्येकानं हा विचार करावा, असं मी कळकळीनं सांगेन.

तक्रारीही आल्या. वहिनींनी साडी शोधली आणि गूगलवर सगळ्यांत वर आलेल्या दुकानावर टिचकी मारली, तर पान उघडेना. "भाऊजी, नेट बंद पडलंय बघा," अशी हाक आली. वरचे ते निकाल पैसे देऊन लावलेले असतात आणि त्यांची वाट जाहिरातीच्या नावावरून जाते. खालच्या साध्या निकालावर टिचकी मारली की दुकान उघडतं, हे आता त्यांना सवयीचं झालंय.

यूट्यूबच्या जाहिराती मात्र जात नाहीत. तिथं जाहिरात आणि भजन एकाच घरून येतात; तो पत्ता नाकारला तर आप्पांचं भजनही बंद. काही ब्राउझर पत्ता विचारायची चिठ्ठी बंद पाकिटात घालून थेट बाहेर पाठवतात. २०१८ साली प्रमाण झालेली ही पद्धत मुळात खाजगीपणासाठी चांगलीच आहे, पण तिच्यामुळे घरचा दुकानदार बाजूला पडतो. आणि वायफाय सोडून मोबाईल डेटावर गेलं की सगळं पूर्वीसारखं.

एक गोष्ट मला बरेच दिवस टोचत होती. सीमाभागातल्या मराठी वृत्तपत्रांना जाहिरातीच तारतात. आप्पा ज्यांच्या बातम्या रोज वाचतात, त्यांचं उत्पन्न मी आमच्या घरापुरतं थांबवलं होतं. तेवढ्या वृत्तपत्राला सूट द्यावी म्हणून खटपट केली आणि या यंत्राची मर्यादा नीट समजली. फोन दुकानदाराला जाहिरात कंपनीचं नाव विचारतो. कुठल्या पानासाठी विचारतोय हे सांगत नाही. म्हणून ते नाव मोकळं केलं तर सगळीकडे मोकळं होतं, एकट्या वृत्तपत्रासाठी करता येत नाही. ब्राउझरमधल्या जाहिरातरोधकाला ते जमतं, कारण त्याला पान दिसतं. आप्पांच्या फोनमध्ये पुन्हा काही भरायचं नव्हतं. मी बसस्टँडजवळच्या पेपरवाल्याकडे गेलो आणि छापील अंक लावून घेतला. आता सकाळी आप्पा आधी तो वाचतात, दुपारी मोबाईल.