तार निघाली, पण हिरडी विसरली नाही

भाचीच्या दाताच्या तारा दिवाळीत निघाल्या आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती अमळनेरला आली तेव्हा वरचा एक दात परत थोडा वळलेला. आजीने लगेच निकाल दिला, तारांनी हिरड्या ढिल्या केल्या, आते दात पडी जातीन. असं म्हणणारे घरोघरी आहेत, म्हणून हे लिहायला घेतलं.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये धाग्यांची एक मऊ गादी असते, जाडी साधारण 0.2 मिलिमीटर, म्हणजे दोन-तीन केस एकावर एक ठेवले तेवढी. तार दाताला ढकलते तेव्हा एका बाजूची गादी दबते, तिथे हाड खाणाऱ्या पेशी येतात, दुसऱ्या बाजूचे धागे ताणले जातात, तिथे नवीन हाड भरतं. म्हणून उपचार चालू असताना दात थोडा हलतो, तो हलणारच, नाहीतर सरकेल कसा?

आता लोकांना वाटतं जास्त कसलं की लवकर सरकेल. उलटं आहे. त्या गादीत बारीक रक्तवाहिन्या असतात, आपल्या केळीच्या ठिबकच्या नळीवर दगड आला की पुढचं पाणी बंद होतं ना, तसंच जोर जास्त झाला की त्या चेपतात, तिथल्या पेशी मरतात आणि दात काही आठवडे जागचा हलत नाही, मग शरीर मागच्या बाजूने हाड पोखरत येतं तेव्हा कुठे वाट मोकळी होते. हलका जोर, महिन्याला साधारण एक मिलिमीटर, हाच चांगला वेग. त्यामुळे झटपट दात सरळ करून देतो अशी जाहिरात दिसली तर जरा थांबा.

पण माझा आवडता भाग हिरडीचा. मुळाजवळचे धागे तीन-चार महिन्यांत नव्या जागेशी जुळवून घेतात. हिरडीतले, दाताच्या मानेभोवती गुंडाळलेले धागे मात्र हट्टी, त्यातल्या लवचिक धाग्यांना वर्ष किंवा जास्तच लागतं, आणि दात गोल फिरवून सरळ केला असेल तर हे धागे पिळलेल्या सुतळीसारखे त्याला मागे ओढत राहतात. भाचीचा रिटेनर, म्हणजे तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवायला घालायचा साचा, सहा महिने डबीत होता, तेवढ्यात धाग्यांनी आपलं काम केलं. दात फार वळलेला असेल तर काही डॉक्टर हे धागे बारीक कापतात, ते नव्या जागी परत जुळतात.

हिरड्या सुजतात ते खरं, पण ते बहुतेक ब्रॅकेटभोवती, म्हणजे तार धरायला दाताला चिकटवलेल्या तुकड्यांभोवती, अडकलेल्या घाणीने, नीट ब्रश केलं की सूज उतरते. आणि गालाला फोड का येतो? हिरडी-टाळूवर केराटिनचा टणक थर असतो, गालाच्या आतून नसतो, म्हणून तार घासली की तिथेच सोलतं, वर शेवभाजीचा तिखट रस्सा लागला की जीव जातो. ब्रॅकेटवर दातांसाठीचं मेण लावा, काही आठवड्यांत गाल सरावतो.

पुढच्या दातांत फट म्हणजे नशीबवान, हेही आपल्याकडे चालतं. कधी ती फट ओठाला हिरडीशी जोडणारा पडदा हिरडीत खाली उतरल्याने असते, नशिबाचा संबंध नाही. ज्यांना फट नको ते व्हिडिओ बघून दोन दातांना रबर अडकवतात, हे मात्र करूच नका. मूळ टोकाकडे निमुळतं असतं, रबर घसरत हिरडीत शिरतं, दिसेनासं होतं आणि धागे-हाड खात जातं. असे धडधाकट दात गेलेले आहेत.

भाचीला जुना रिटेनर बसेना, नवीन माप द्यावं लागलं. खापरावरची पुरणपोळी आणि रस खाताना तो काढून डबीतच ठेवायचा, कागदात गुंडाळला की पत्रावळीबरोबर थेट उकिरड्यावर जातो.