डोंगरभटकंतीतील आग पेटवण्याची साधने

मुक्कामाच्या ट्रेकला चूल पेटवण्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी लागतात. एक, ठिणगी किंवा ज्योत देणारे साधन : काडेपेटी, लायटर, फेरो रॉड (खरवडल्यावर ठिणग्या पाडणारी धातूची कांडी). दुसरी, ती ज्योत लाकूड धरेपर्यंत जिवंत ठेवणारे पेटवण : कापूर, व्हॅसलीन लावलेला कापूस, हेक्झामिन या घन इंधनाच्या वड्या. खरेदीत सगळे लक्ष पहिल्यावर जाते, चूल मात्र बहुधा दुसऱ्यावाचून अडते.

काडेपेटी : आजच्या ‘सेफ्टी’ काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असते, तर तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेच्या पट्टीवर असतो. म्हणून पट्टी भिजली की कोरड्या काड्याही निकामी ठरतात. पावसाळ्यात आधी जाते ती पट्टीच : ओल्या बोटांनी धरली की दोन-तीन घाशांत तिच्यावरचा थर खरवडून निघतो. काड्या डबीत भरून पेटी फेकून देणे ही नेहमीची चूक. दोन्ही पट्ट्या कापून प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत वेगळ्या ठेवाव्यात. गुलांना त्या घासल्या जाता कामा नयेत. वितळलेल्या मेणबत्तीत गुल आणि खालची अर्धा सेंटिमीटर काडी बुडवून घेतली तर ओल लागत नाही, पण ओढण्यापूर्वी गुलावरचे मेण नखाने काढावे लागते.

लायटर : चाक फिरवून ठिणगी पाडणारा साधा लायटर भटकंतीला सर्वांत भरवशाचा. बटण दाबून पेटणाऱ्या पिझो लायटरची ठिणगी उंचावर, साधारण ३,००० मीटरच्या पुढे, दगा देऊ लागते. स्वयंपाकघरातला गॅस लायटर तर नेऊच नये. त्याची ठिणगी गॅस पेटवते, गवत नव्हे. लायटरमधला ब्युटेन सुमारे −०.५ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याहून थंड झाला की तो वायुरूपात बाहेर येत नाही आणि लायटर ‘संपल्यासारखा’ वाटतो. सह्याद्रीत ही वेळ सहसा येत नाही. हिमालयातल्या बर्फातल्या मुक्कामात मात्र लायटर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावे. चाक भिजले असेल तर जोरात फुंकून ते कोरड्या कापडावर वीस-पंचवीस वेळा घासावे. गॅस खरोखरच संपला तरी लायटर टाकू नये, कारण त्याची ठिणगी कापसाला पुरते.

फेरो रॉड : लायटरच्या चाकाखालचा ‘खडा’ आणि फेरो रॉड एकाच मिश्रधातूचे, म्हणजे फेरोसेरियमचे. ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी तो १९०३ मध्ये शोधला. दुकानदार या रॉडला चकमक म्हणतात, पण जुन्या चकमकीचे काम उलटे चाले. तिच्यात गारगोटीच्या धारेने पोलादाचा कीस निघे आणि तोच पेटे. ठिणगी मंद असल्याने ती झेलायला जळका कापूस किंवा तसलेच काही लागे. फेरो रॉडमध्ये रॉडचाच कीस सुमारे ३,००० अंशांवर जळतो. भिजला तरी पुसून चालतो. रॉड किमान ८ मिलिमीटर जाडीचा घ्यावा, बारीक रॉड जोर दिला की तुटतो. नव्या रॉडवरचा काळा लेप आधी खरवडावा, नाहीतर ठिणगीच पडत नाही आणि माल खोटा समजून तो परत केला जातो. रॉड खरवडायची धातूची पट्टी पुढे रेटली तर हात पेटवणावर आपटून ते विस्कटते. म्हणून पट्टी पेटवणाजवळ स्थिर धरून रॉड मागे ओढावा.

पेटवण : शिंपल्याएवढ्या कापसाच्या बोळ्यात व्हॅसलीन चोळले की तो चार-पाच मिनिटे जळतो. पूर्ण माखू नये, मध्ये कोरडे तंतू राहिले तरच ठिणगी धरते. कापूर ज्योतीने लगेच पेटतो, मात्र तो उघड्यावर उडून जातो. घट्ट झाकणाची डबी हवी. हेक्झामिनच्या वडीचा धूर त्रासदायक असतो, तिच्यावर थेट काही भाजू नये. रॉकेल पेटत्या किंवा धुमसत्या चुलीवर ओतणे हा अपघाताला हमखास रस्ता आहे. सह्याद्रीत पेटवणावर कारवीच्या झुडपाच्या वाळक्या काड्या रचाव्यात : आधी काडेपेटीच्या काडीएवढ्या, मग पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या. जमिनीवर पडलेल्यांपेक्षा झुडपावरच वाळून उभ्या असलेल्या काड्या कोरड्या निघतात. तडकन मोडली ती कोरडी, वाकली ती ओली.

निर्बंध : वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने तिथे आग लावण्यास किंवा पेटती सोडण्यास मनाई आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना हे भाग त्यात येतात. तिथे गडाखालच्या गावात जेवण सांगणे बरे. आग्या मोहळे असलेल्या कड्याखाली कुठल्याच ऋतूत धूर करू नये. धुराने उठलेल्या माश्या पायथ्यापर्यंत पाठ सोडत नाहीत.

भारतात विमानप्रवासात काडेपेटी आणि लायटर केबिन आणि चेक-इन अशा दोन्ही सामानांत चालत नाहीत. फेरो रॉडबाबत तपासनीसाची मर्जी. हिमालयात जाणाऱ्यांनी हे सामान डेहराडून किंवा मनालीच्या बाजारात घ्यावे आणि प्रत्येक लायटर दुकानातच चार वेळा पेटवून पाहावा.