रोटरीची ग्लोबल ग्रँट स्कॉलरशिप: बाहेर मास्टर्स करायचंय त्यांनी अर्जाआधी हे वाचून घ्या

रोटरी क्लब म्हटलं की आपल्याकडे पोलिओचे डोस, रक्तदान शिबिर आणि गावात शिरताना दिसणारा तो चक्राचा बोर्ड, एवढंच डोळ्यासमोर येतं. पण परदेशात मास्टर्सला जाणाऱ्या मुलांसाठी यांची खूप मोठी स्कॉलरशिप असते आणि तालुक्याच्या गावातल्या पोरांपर्यंत ती पोचतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून जेवढं नीट माहितीय तेवढं सगळं इथे लिहितोय.

आधी ही आली कुठून ते थोडक्यात, कारण इंटरव्ह्यूला जाताना हे माहीत असलेलं बरं. रोटरी सुरू केली पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने, शिकागोत, २३ फेब्रुवारी १९०५ ला. ते २७ जानेवारी १९४७ ला गेले. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की माझ्यासाठी फुलं वगैरे नकोत, जे द्यायचं ते रोटरी फाउंडेशनला, म्हणजे देणग्या गोळा करून मदत देणाऱ्या रोटरीच्याच संस्थेला द्या. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की जगभरातल्या क्लबांमधून दीडेक वर्षात १३ लाख डॉलरच्या आसपास रक्कम जमली. फाउंडेशन त्याआधी तीस वर्षं होतं, पण पैसा तसा बेताचाच होता, १९१८ साली आलेली पहिली देणगी तर फक्त २६ डॉलर ५० सेंटची. मग गेलेल्या माणसाचं स्मारक काय करायचं, तर १९४७ मध्येच १८ विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशात शिकायला पाठवलं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्त झालेल्या जपानच्या सादाको ओगाता याच रोटरीच्या पैशावर अमेरिकेत शिकल्या. नाव आणि नियम मधल्या काळात बदलत गेले, आता जी चालू आहे ती ग्लोबल ग्रँट स्कॉलरशिप.

आता मुद्द्याचं. कोर्स मास्टर्स किंवा त्याच्या पुढचा पाहिजे, पीएचडी किंवा रिसर्चही चालतो, बारावीनंतरच्या डिग्रीला ही मिळत नाही. शिकायचं आपल्या देशाबाहेर. एक ते चार शैक्षणिक वर्षांपर्यंत मिळू शकते. ग्रँटचं बजेट कमीत कमी ३०,००० डॉलरचं लागतं, म्हणजे छोट्या मदतीसाठी ही नाहीच. यात फी, राहणं-जेवण, पुस्तकं, विमानाचं तिकीट, व्हिसा हे सगळं बसतं.

आणि इथे बहुतेक जण अडकतात ते म्हणजे विषय. रोटरीने सात क्षेत्रं ठरवलीत: शांतता आणि संघर्ष टाळणं, रोगप्रतिबंध आणि उपचार, पाणी-स्वच्छता, माता-बाल आरोग्य, मूलभूत शिक्षण आणि साक्षरता, स्थानिक अर्थविकास, आणि पर्यावरण (हे शेवटचं २०२१ पासून आलं). तुमचा कोर्स यातल्या एकात सरळ बसला पाहिजे. पब्लिक हेल्थ, साथरोगशास्त्र, पाणी व्यवस्थापन, शिक्षणशास्त्र, ग्रामीण विकास, हवामान बदल असे विषय नीट बसतात. साधं एमबीए किंवा कॉम्प्युटर सायन्स घेऊन गेलात तर मार्क कितीही असूदेत, ओढूनताणून बसवता येत नाही. आणि नुसतं कोर्सचं नाव बघत नाहीत हो, तुम्ही घेणार ते पेपर बघतात, तुम्ही आधी त्या क्षेत्रात काय काम केलंय ते बघतात आणि पुढे काय करणार तेही. म्हणजे सोलापूर जिल्ह्यात टँकरच्या गावांमध्ये दोन वर्षं पाण्याच्या प्रकल्पावर काम केलेली मुलगी पाणी व्यवस्थापनाच्या मास्टर्सला चाललीय, तर तिचा अर्ज वाचतानाच समोरच्याला चित्र कळतं, आणि माझं स्पष्ट मत आहे की असं तळातलं काम केलेल्या आपल्या मुलांनी स्वतःला कमी समजून मागे राहूच नये, इंग्रजी थोडं अडखळलं तरी चालेल.

कुणाला मिळत नाही ते पण आधी बघून घ्या. स्वतः रोटरियन, म्हणजे रोटरी क्लबचा सदस्य असेल तर नाही. रोटरियनचा नवरा-बायको, मुलं, नातवंडं, सून-जावई, आईवडील, आजी-आजोबा, यांना नाही. क्लबच्या, डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे आपला सरकारी जिल्हा नव्हे, एका भागातल्या रोटरी क्लबांचा गट) किंवा रोटरीच्या पगारी स्टाफला आणि त्यांच्याही याच नात्यांना नाही. वडिलांनी क्लब सोडला तरी पुढचे ३६ महिने नियम लागूच राहतो, त्यामुळे अर्जासाठी राजीनामा द्यायचा हा उपाय चालत नाही. भाचा, पुतणी या यादीत येत नाहीत.

आता अर्ज. सरकारी स्कॉलरशिपसारखं पोर्टल उघडलं, फॉर्म भरला, सबमिट केलं, असं इथे नाही. अर्ज विद्यार्थी करत नाही, क्लब करतो. एक क्लब किंवा डिस्ट्रिक्ट तुमच्याकडचा आणि एक तुम्ही शिकायला जाणार त्या देशातला, असे दोघं मिळून रोटरीच्या साइटवर अर्ज टाकतात आणि तुमचा भाग भरायला तुम्हाला तिथे वेगळं अकाउंट उघडावं लागतं. म्हणजे पहिली पायरी काय, तर गावातल्या क्लबच्या अध्यक्षांना किंवा सेक्रेटरींना प्रत्यक्ष जाऊन भेटणं. बहुतेक क्लबांची दर आठवड्याला मीटिंग असते, वेळ विचारून जा, कुणी हाकलत नाही. प्रत्येक क्लब एका डिस्ट्रिक्टमध्ये येतो (त्यांना नंबर असतात, पुणे ३१३१, मुंबई ३१४१, गोवा-कोल्हापूर-बेळगाव ३१७०) आणि या ग्रँटचा बराचसा पैसा डिस्ट्रिक्टच्या फंडातून येतो, त्यामुळे डिस्ट्रिक्टच्या स्कॉलरशिप कमिटीचा होकार लागतोच. काही क्लबांना ही प्रक्रिया स्वतःलाच नीट माहीत नसते, तेव्हा तिथे थांबू नका, सरळ डिस्ट्रिक्टच्या फाउंडेशन कमिटीचा नंबर मागून घ्या. कमिटी इंटरव्ह्यू घेते, निवड झाली की पलीकडच्या देशातला क्लब शोधणं सुरू होतं, आणि यातच महिने जातात.

कागदपत्रांत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विद्यापीठाचं अ‍ॅडमिशन लेटर. ते पक्कं पाहिजे. "पैशाची हमी दाखवा, मग प्रवेश पक्का" एवढीच अट असेल तर चालतं, पण "शेवटच्या सेमिस्टरचे मार्क बघून सांगू" असलं लेटर चालत नाही. त्याशिवाय सगळ्या मार्कशीट आणि ट्रान्सक्रिप्ट (आपल्या विद्यापीठांतून हे हातात यायला वेळ लागतो, आधीच अर्ज टाकून ठेवा), पासपोर्ट, बायोडेटा, कामाचे दाखले, प्राध्यापकांची किंवा जिथे काम केलं त्या संस्थेची शिफारसपत्रं, तुम्हाला हे का शिकायचंय ते सांगणारं निवेदन आणि खर्चाचं बजेट डॉलरमध्ये. बजेट अंदाजे टाकू नका, विद्यापीठाच्या साइटवर फी आणि राहण्याच्या खर्चाचे आकडे दिलेले असतात ते घ्या. उत्पन्नाचा दाखला मुख्य अर्जाला लागत नाही, पण काही डिस्ट्रिक्ट स्वतःच्या फॉर्मला मागतात, विचारून घ्या.

तारखांचं असं आहे की वर्षभर अर्ज घेतात, पण ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबरला कोर्स सुरू होत असेल तर ३० जूनच्या आत अर्ज शिकागोजवळच्या इव्हान्स्टनला, म्हणजे रोटरीच्या मुख्य ऑफिसला ऑनलाइन पोचलेला पाहिजे. ही तारीख क्लबसाठीची आहे, तुम्ही जूनमध्ये क्लबकडे गेलात तर त्या वर्षाचं विसरा. डिस्ट्रिक्टची स्वतःची तारीख बरीच आधी असते. आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच बोलणं सुरू करा, अ‍ॅडमिशन हातात नसलं तरी. आणि मंजुरी यायच्या आधी केलेला खर्च मिळत नाही, त्यामुळे तिकीट काढून, फी भरून मग पावत्या दाखवू असं करू नका.

एक गोष्ट जोर देऊन सांगतो. या स्कॉलरशिपसाठी विद्यार्थ्याकडून किंवा घरच्यांकडून पैसे घेऊन ते ग्रँटमध्ये दाखवणं नियमात बसत नाही. कोर्सचा उरलेला खर्च तुम्ही स्वतः किंवा लोन काढून करू शकता, ते वेगळं. पण कुणी एजंट किंवा ओळखीचा म्हणाला की इतके द्या, मी क्लबमधून करून देतो, तर तिथून उठा.

मिळाल्यावर जबाबदाऱ्या आहेत पण जड नाहीत, जायच्या आधी ओरिएंटेशन, तिकडच्या क्लबच्या मीटिंगला जाणं, आपल्या कामाबद्दल बोलणं आणि ठरल्या वेळेला रिपोर्ट देणं. तिकडच्या क्लबचा एक माणूस तुमच्यासाठी नेमलेला असतो, एअरपोर्टपासून घर शोधण्यापर्यंत मदत करणारा, आणि घरातून पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्या मुलीच्या आईवडिलांना हे कळलं की त्यांचा अर्धा जीव भांड्यात पडतो.

वरचं काहीच बसत नसेल, म्हणजे डिग्रीला आहात किंवा इथेच शिकायचंय, तर क्लबला डिस्ट्रिक्ट ग्रँटबद्दल विचारा, त्याला किमान रकमेची अट नाही, विषयाचं आणि इयत्तेचं बंधनही नाही. शिवाय कितीतरी क्लब त्यांच्या गेलेल्या सदस्याच्या नावाने गावातल्या मुलांना दरवर्षी फी देतात, त्याचा बोर्ड कुठे लागत नाही, कॉलेजच्या ऑफिसात किंवा क्लबमध्येच चौकशी करावी लागते. तिथे साधारण मार्कशीट, बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक पासबुकची झेरॉक्स आणि फी भरल्याची किंवा भरायची स्लिप एवढं मागतात. उत्पन्नाचा दाखला एक वर्षाचा हवा की तीन वर्षांचा ते आधी विचारा, नाहीतर सेतूत दुसरी फेरी होते.