मृतांचा एकूण आकडा आणि गव्हर्नरची परीक्षा

अनेक वर्षं फिरणारा एक संदेश: अमेरिकेत कोरोनाने सर्वाधिक मृत्यू कॅलिफोर्नियात झाले, म्हणजे तिथल्या गव्हर्नरनेच साथ सर्वांत वाईट हाताळली.

आकडा खरा आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची लोकसंख्या होती सुमारे ३ कोटी ९५ लाख, वायोमिंग या छोट्या राज्याची जेमतेम ५ लाख ७७ हजार. जवळपास ६८ पट फरक! मोठ्या राज्यात एकूण मृत्यू जास्त दिसणारच. म्हणून मृत्यूंना लोकसंख्येने भागा आणि १ लाखाने गुणा. कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम. तसं केलं की कॅलिफोर्निया यादीत बरंच खाली जातं आणि जेमतेम ३० लाख वस्तीचं मिसिसिपी वर येतं.

पण एवढ्यावरही थांबू नये. मेन या राज्यात वयस्कर माणसं जास्त, युटा तरुणांचं राज्य. कोरोना वृद्धांना जास्त घातक. तेव्हा वयानुसार दुरुस्त केलेला, म्हणजे सगळ्या राज्यांत वयाचं प्रमाण सारखं धरून काढलेला दर बघावा.

आणखी एक गोष्ट, कारण आपल्याकडे इथे हमखास घोटाळा होतो: तिथला गव्हर्नर म्हणजे आपले राज्यपाल नव्हेत. तो लोकांनी थेट निवडलेला असतो, अधिकाराने आपल्या मुख्यमंत्र्यांच्या जवळचा. म्हणूनच टाळेबंदीच्या आदेशांचा जाब त्याला मतपेटीत द्यावा लागतो.