कार्बोरेटर बसवलेल्या गाडीला फ्युएल पंप कोणता लावावा?
ग्राहकांसाठी माहिती

एस्टीमचे किंवा जिप्सीचे 1.3 लिटर एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारे) इंजिन जुन्या गाडीत बसवायचे, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि वायरिंगची कटकट नको म्हणून इंजेक्शन काढायचे आणि वर कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग) चढवायचा, अशी कामे हौशी मंडळी करून घेतात. जेट किती नंबरचे, मॅनिफोल्ड कुठे बनवायचा, याची चौकशी सगळेच करतात. फ्युएल पंपाचा विषय मात्र शेवटी निघतो आणि "टाकीत पंप आहे की, तोच चालेल" म्हणून तिथेच संपतो. तो पंप जसाच्या तसा चालत नाही.

अडचण दाबाची आहे. एमपीएफआय गाडीचा टाकीतला पंप इंजेक्टरला साधारण 3 बार, म्हणजे 43-44 पीएसआय दाबाने पेट्रोल देतो. (टायरमध्ये हवा भरताना आपण "पाउंड" म्हणतो, तेच हे पीएसआय.) कार्बोरेटरला याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास दाब पुरतो. वेबर डीसीओई मेकच्या कार्बोरेटरला 3 पीएसआय ठीक, एसयू मेकच्याला त्याहूनही थोडा कमी, होलीच्या मोठ्या कार्बोरेटरला 5 ते 7. कार्बोरेटरच्या बाउलमधला (पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतला) फ्लोट आणि नीडल व्हॉल्व्ह गच्चीवरच्या टाकीतल्या बॉल कॉकसारखे काम करतात: पातळी भरली की फ्लोट वर येतो आणि नीडल वाट बंद करते. फ्लोटची ताकद ती किती! 40 पीएसआयसमोर तो नीडल दाबून धरूच शकत नाही. बाउल भरून वाहतो, प्लग काळे पडतात, गाडी गरम असताना सेल्फ मारत बसावे लागते. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. आणि वाहिलेले पेट्रोल गरम इंजिनावर पडले तर काय होईल, हे लिहायची गरज नाही.

दुसरा प्रश्न हमखास येतो: "पंप तासाला किती लिटरचा घेऊ?" याची काळजी उगाच केली जाते. पेट्रोल इंजिनाला फुल थ्रॉटलवर दर बीएचपीमागे तासाला साधारण अर्धा पाउंड (वजनी) पेट्रोल लागते. 80 बीएचपीच्या जिप्सी इंजिनाचा हिशेब केला तर 40 पाउंड, म्हणजे 18 किलोच्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे 25 लिटर. तेही अॅक्सिलरेटर तळाला दाबून ठेवला तर. लहानसा इलेक्ट्रिक पंपही याच्या दुप्पट-तिप्पट सहज देतो. म्हणून पंप निवडताना लिटरच्या आकड्याला भुलू नका, दाबाचा आकडा विचारा.

पर्याय तीन आहेत. आमची पसंती याच क्रमाने आहे.

मेकॅनिकल पंप

इंजिनाला मेकॅनिकल पंपाची जागा असेल आणि कॅमशाफ्टवर तो चालवणारा एक्सेन्ट्रिक (फिरताना पंपाचा लिव्हर हलवणारा उंचवटा) असेल, तर दुसरीकडे बघूच नका. दाब 3 ते 5 पीएसआय, वायरिंग नाही, आणि इंजिन बंद पडले की पंपही बंद. पद्मिनी, अॅम्बेसेडर, जुनी मारुती 800 या सगळ्या अशाच पंपांवर पळाल्या. मात्र इंजेक्शनच्या काही इंजिनांत हेडवर जागा दिसते, वर झाकणपट्टी असते आणि आत एक्सेन्ट्रिकच नसतो. पंप विकत घेण्याआधी झाकण काढून बॅटरीच्या उजेडात बघून घ्या. पंप आणि हेड यांच्यामधला जाड बेकेलाइटचा स्पेसर फेकू नका. तो उष्णता अडवतो आणि लिव्हरची चालही त्याच्याच जाडीवर ठरते.

या पंपाचा डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल गुपचूप इंजिन ऑइलमध्ये जाते. ऑइल न घालता डिपस्टिकवरची पातळी वर चढलेली दिसली, किंवा डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर इंजिन चालू करू नका, आम्हाला फोन करा.

कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप

एक्सेन्ट्रिक नसेल तर हाच मार्ग. फेसेट कंपनीच्या पंपासारखा टिकटिक आवाज करणारा चौकोनी पंप साध्या गाडीला पुरतो. तो वेगवेगळ्या दाबांत येतो. वेबरसाठी 4 पीएसआयच्या आतला घेतला तर बहुतेक वेळा रेग्युलेटरचा (दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हचा) खर्चही वाचतो. व्हेन प्रकारचे (आत फिरती पाती असलेले) मोठे पंप (होलीचा लाल पंप 7 पीएसआयचा) जास्त आवाज करतात आणि वेबरवर लावायचे तर रेग्युलेटर लागतोच.

हे पंप ढकलायला चांगले आणि ओढायला कच्चे असतात. म्हणून जागा टाकीजवळ, शक्य तितकी खाली, बाहेर जाणारे तोंड वरच्या बाजूला. बॉनेटखाली फायरवॉलवर लावलेला पंप दिसायला छान दिसतो, पण मे महिन्यात आंबा घाट चढताना तोच दगा देतो. ओढणाऱ्या नळीत दाब कमी असतो, कमी दाबात पेट्रोल लवकर उकळते आणि पंपाच्या तोंडाशी वाफ साचते. तीच नळी मागून दाबाखाली आली की हा त्रास पुष्कळ कमी होतो.

टाकीतला जुना पंप नुसता बंद ठेवून त्याच्यातून पेट्रोल ओढायचा प्रयत्न करू नका. त्याचा चेक व्हॉल्व्ह आणि आतली फिरकी वाट अडवतात. मॉड्यूल बाहेर काढून पंपाच्या जागी साधी नळी आणि तळाला जाळी बसवावी लागते. पंपाच्या आधी जाडसर जाळीचा फिल्टर, बारीक कागदी फिल्टर पंपाच्या पुढे. उलटे केले तर पंप उपाशी राहतो.

टाकीतला पंप ठेवून रेग्युलेटर

हेही करता येते, पण बायपास प्रकारचा (जादा पेट्रोल परत पाठवणारा) रेग्युलेटर आणि टाकीपर्यंत परतीची नळी लागते. दोन तोंडांचा साधा रेग्युलेटर 40 पीएसआय अडवण्यासाठी बनलेलाच नसतो. बऱ्याच एमपीएफआय गाड्यांना परतीची नळीच नसते, कारण त्यांचा रेग्युलेटर टाकीतच असतो. म्हणजे नवी नळी ओढायची, तीही जाड. पंप ताशी शंभर लिटरच्या आसपास फेकणार, इंजिन त्यातले पंचवीस घेणार, बाकीचे सगळे परत जायला हवे. नळी बारीक असेल तर स्क्रू कितीही सैल करा, दाब 3 वर येत नाही. एवढ्या खर्चात दुसरा पर्याय निवांत होतो.

दाब मोजायला 0 ते 15 चा गेज वापरा. 100 पर्यंतच्या गेजवर 3 आणि 5 यांतला फरक डोळ्यांना कळत नाही. गेज रेग्युलेटर आणि कार्बोरेटरच्या मध्ये लावून, इंजिन आयडलला ठेवून सेटिंग करतो आणि मग गेज काढून टाकतो. कायमचा गेज म्हणजे गळतीची आणखी एक जागा.

वायरिंगमध्ये काटकसर नको

मूळ गाडीत चावी फिरवली की ईसीयू पंप दोनेक सेकंद चालवतो, आणि इंजिन फिरत नसेल तर बंद करतो. ईसीयू काढला की हे संरक्षण गेले. पंपाची वायर थेट इग्निशनला जोडली आणि अपघातात नळी तुटली, तर इंजिन बंद असूनही पंप रस्त्यावर पेट्रोल ओतत राहील. म्हणून आम्ही फ्यूज, रिले, आणि इग्निशन कॉइलचे पल्स मिळाले (म्हणजे इंजिन फिरत असले) तरच पंप चालू ठेवणारा टॅको रिले लावतो. जोडीला धक्का बसताच लाइन तोडणारा इनर्शिया स्विच. या दोन गोष्टी नको म्हणणाऱ्या ग्राहकाचे काम आम्ही घेत नाही. राग मानू नये.

आता पेट्रोलबद्दल. 2023 पासून ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) येऊ लागले आणि आता जवळपास सगळीकडे तेच मिळते. जुन्या पद्धतीचे रबर त्यात फुगते किंवा तडकते. नळीवर एसएई जे30 आर9 असे छापलेले असेल तरच घ्या. डायफ्रॅम किट आणि नीडलचे टोकही इथेनॉल चालणारे हवे.

कागदपत्रांचे तुम्हीच बघायचे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी आधी. पीयूसीलाही फरक पडतो: भारत स्टेज 2 (प्रदूषणाचे नियम) च्या आधीच्या गाडीला आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 3 टक्क्यांपर्यंत चालतो, स्टेज 2 आणि 3 ला फक्त 0.5. त्यामुळे नव्या गाडीचे इंजेक्शन काढायचा बेत असेल तर आमचा सल्ला एकच: काढू नका.

गाडी आणताना इंजिनाचा प्रकार, कार्बोरेटरवरचा नंबर आणि नीडल सीटचे माप माहीत असेल तर लिहून आणा. टाकी उतरवावी लागते, म्हणून पेट्रोल पाच लिटरच्या आत ठेवा. भरलेली टाकी असेल तर काम दुसऱ्या दिवशी सुरू होईल.